मूल मागे का राहते? : बौद्धिक अक्षमता आणि तिची कारणे

या पानावर आम्ही नेहमी बेणे, लागण, खते, पाणी आणि हुमणी यांविषयी लिहितो. या वेळी विषय निराळा आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने मुलांच्या बुद्धीविषयी कशाला लिहावे, असे काहींना वाटेल. आम्ही डॉक्टर नाही, आमचे शिक्षण शेतकी पदविकेचे. पण लागणीच्या नोंदी करीत वस्त्यांवर हिंडताना जे पाहिले आणि त्यानंतर डॉक्टरांना व विशेष शाळेतील शिक्षकांना विचारून जे समजले, ते आपल्यापुढे ठेवल्यावाचून राहवत नाही. त्याला कारण एका घरी घडलेली गोष्ट.

चार वर्षांपूर्वी आडसाली लागणीची पाहणी करायला आम्ही एका सभासदाच्या वस्तीवर गेलो होतो. सोप्यात झोळी टांगलेली, झोळीत महिन्याभराची मुलगी. आजी कौतुकाने म्हणाली, "लई गुणाची पोर हाय साहेब. रडत न्हाई, पडत न्हाई. दूध पाजायला उठवावं लागतंय." आम्हीही चहा घेता घेता म्हणालो, "नशीबवान आहात आजी. आमच्या पोरांनी वर्षभर झोपू दिलं नव्हतं." सगळे हसले.

मुलगी दोन वर्षांची झाली तरी उभी राहीना. जीभ थोडी बाहेर, अंगाची कातडी कोरडी, उंची खुंटलेली, पोट कायम घट्ट. कोणी म्हणाले, "काही पोरं उशिराच चालतात." कोणी देवऋषाकडे धाडले. शेवटी तालुक्याच्या एका डॉक्टरांनी रक्त तपासले. गळ्यातील थायरॉइड, म्हणजे अवटू ग्रंथी, जन्मापासूनच काम करीत नव्हती. रोज एक लहानशी गोळी सुरू झाली. काही महिन्यांत पोर चालू लागली, अंगावर तकाकी आली. पण बोलणे व समज मागे राहिली ती राहिलीच. डॉक्टर म्हणाले, "हीच गोळी जन्मानंतर पहिल्या दोन आठवड्यांत मिळाली असती, तर ही मुलगी बहुधा इतर मुलांसारखीच वाढली असती."

जी 'गुणाची' म्हणून आम्ही वाखाणली, ती आजाराची खूण होती. न रडणे, सतत झोपणे, दूध ओढताना दमणे, शौचास खडा होणे, कावीळ तीन आठवडे रेंगाळणे, आवाज घोगरा असणे, बेंबी फुगलेली असणे ही सारी तीच लक्षणे. झोळीपाशी आम्ही उभे होतो आणि आम्हांस काहीच कळले नाही. नंतर आजीने विचारले, "साहेब, आमचं काय चुकलं?" हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

बौद्धिक अक्षमता म्हणजे काय?

आपल्याकडे अशा मुलास खुळा, येडा, मंद, काय वाटेल ते म्हणतात. सरकारी कागदात पूर्वी 'मतिमंद' हा शब्द होता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आल्यापासून 'बौद्धिक अक्षमता' किंवा 'बौद्धिक दिव्यांगत्व' म्हणतात. शब्द बदलल्याने मूल बदलत नाही हे खरे. पण ज्या शब्दाने पोराला हाक मारावी तसे गाव त्याच्याशी वागते, हेही तितकेच खरे.

अक्षमता ठरवताना तीन गोष्टी पाहतात. पहिली, शिकणे, समजणे, हिशेब करणे, विचार करणे ही ताकद वयाच्या मानाने बरीच कमी असणे. दुसरी, रोजच्या व्यवहारात अडचण येणे, जसे जेवण, कपडे, स्वच्छता, बोलणे, पैशाची देवघेव. तिसरी, हे सारे लहानपणीच, वाढीच्या वयात सुरू झालेले असणे. तिन्ही असतील तरच बौद्धिक अक्षमता. म्हणून चाळिशीत डोक्यास मार लागून कोणाची समज गेली तर त्यास हे नाव देत नाहीत. तसेच शाळेत नापास होणारे प्रत्येक मूलही यात बसत नाही.

बुद्धी मोजण्याची पहिली उपयोगी चाचणी आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये केली. मागे पडणारी मुले ओळखून त्यांना वेगळी मदत द्यावी, हा तिचा हेतू होता. पुढे डॉ. कामत यांनी ती मराठी व कन्नड मुलांसाठी बसवली, तीच बिने-कामत चाचणी. सर्वसाधारण माणसाचा बुद्ध्यंक १०० धरतात. साधारण ७० च्या खाली असेल आणि व्यवहारातही अडचण असेल, तर अक्षमता मानतात. या मुलांपैकी बहुतेक जण सौम्य गटात असतात. ती थोडे लिहायला-वाचायला शिकतात, काम करतात, मोठेपणी बरेचसे स्वतःचे स्वतः भागवतात. तीव्र गटातील मुले थोडी असतात, पण 'तसली पोरं' म्हटले की गावाच्या डोळ्यांपुढे तीच येतात.

दोन गोंधळ येथेच दूर करू. वेड, म्हणजे मानसिक आजार, आणि बौद्धिक अक्षमता या वेगळ्या गोष्टी आहेत. मानसिक आजार चांगल्या चालत्या-बोलत्या माणसास कोणत्याही वयात होतो व औषधाने पुष्कळदा आटोक्यात येतो. बौद्धिक अक्षमता हा आजार नसून अवस्था आहे. ती सहसा जात नाही, पण शिकवण्याने मूल पुढे सरकते. दुसरे, ऐकू न येणारे मूल बोलत नाही म्हणून त्यास मंद ठरवण्याची चूक फार होते. हातपाय ताठ असलेले मूलही बुद्धीने तल्लख असू शकते. म्हणून आधी कान आणि डोळे तपासून घ्यावेत.

देशात अशी माणसे किती? २०११ च्या जनगणनेत १५ लाखांवर नोंदली गेली. खरा आकडा याहून मोठा असावा, कारण जगभरच्या पाहण्यांत हे प्रमाण शेकडा एक ते तीन धरले जाते. खानेसुमारीवाला दारात आला की 'तसलं कोणी न्हाई आमच्यात' असे सांगणारी घरे आपल्या कार्यक्षेत्रातही आहेत.

कारणे : जन्माआधीची

उसाची उगवण कमी झाली की आपण विचारतो, बेणे जुने होते का, टिपरी खोल पडली का, पाणी साचले का, वाळवी लागली का? एकच कारण सगळ्या शेतांना लागू पडत नाही. मुलांचेही तसेच आहे. कारणांचे तीन भाग करता येतात : जन्माआधीची, जन्मवेळची आणि जन्मानंतरची.

जन्माआधीच्या कारणांत मोठा भाग गुणसूत्रांचा व जनुकांचा. माणसाच्या प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. काही मुलांत २१ व्या क्रमांकाचे एक जादा येऊन ती ४७ होतात. यास डाऊन सिंड्रोम म्हणतात. चेहरा चपटा, डोळे तिरके, अंग लुळे, तळहातावर पुष्कळदा एकच आडवी रेघ. जॉन लँगडन डाऊन या इंग्लिश डॉक्टरांनी १८६६ मध्ये या मुलांचे वर्णन केले. जादा गुणसूत्राचा शोध मात्र १९५९ मध्ये फ्रान्समध्ये लागला. साधारण ८०० ते १००० जन्मांत असे एक मूल असते. आईचे वय वाढेल तसा हा धोका वाढतो; पस्तिशीत साधारण ३५० त एक, चाळिशीत १०० त एक. पण तरुण आईलाही असे मूल होते. यात आईने काय खाल्ले, ग्रहणात काय चिरले, याचा काडीइतका संबंध नाही. या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या हृदयात जन्मतः दोष असतो, म्हणून हृदय व थायरॉइड तपासून घेणे अगत्याचे.

दुसरा मुद्दा नाजूक आहे, पण आपल्या भागात तो टाळून चालणार नाही. मामाची मुलगी करण्याची, काही घरांत मामा-भाचीच्या लग्नाची, आपल्याकडे जुनी रीत आहे. जमीन घरात राहते, सासू आत्याच असते, हे सगळे मान्य. पण प्रत्येक माणसाच्या अंगात एखाद-दुसरे सदोष जनुक दडलेले असते. जोडीचे दुसरे जनुक चांगले असल्याने ते दिसत नाही. एकाच आजोबाकडून तेच सदोष जनुक नवरा-बायको दोघांत आले असेल, तर दर बाळंतपणी चारांत एक या प्रमाणात मुलास दोन्ही सदोष मिळण्याचा संभव असतो. सर्वसाधारण जोडप्यात जन्मजात गंभीर दोषाचे प्रमाण शेकडा दोन-तीन, तर सख्ख्या मामे-आते भावंडांच्या लग्नात ते साधारण दुप्पट होते. म्हणजे बहुतेक मुले निरोगीच होतात. तरीही घरात असे एक मूल असेल, तर पुन्हा त्याच नात्यात सोयरीक करू नये आणि पुढच्या गर्भारपणाआधी आनुवंशिकतेच्या जाणकार डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ज्यांची लग्ने होऊन गेली, त्यांनी मनास लावून घेऊ नये. रीत आपण घातलेली नाही. पुढची सोयरीक मात्र आपल्या हातात आहे.

तिसरे कारण स्वयंपाकघरातले, आयोडीन. थायरॉइड ग्रंथीस आयोडीन लागते. गर्भारपणात ते कमी पडले तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. मेंदूची जी हानी टाळता येते, तिचे जगातील सर्वांत मोठे कारण हेच मानले जाते. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी काही भागांत आयोडीनयुक्त व काही भागांत साधे मीठ पुरवून पाहिले. आयोडीनच्या भागांत गलगंड स्पष्ट कमी झाला. त्याच आधारावर १९६२ मध्ये देशात गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आज खाण्याचे मीठ आयोडीनयुक्तच विकावे असा नियम आहे. पण आपल्या घरांत जनावरांसाठी आणलेले खडे मीठ लोणच्यात आणि आमटीतही पडते. ते गोठ्यातच राहू द्यावे. आयोडीनचे मीठ बरणीत झाकून, चुलीपासून दूर ठेवावे.

गर्भारपणात रुबेलाचा ताप येऊन गेला, तर बाळाचे कान, डोळे, हृदय व मेंदू यांस इजा होते. गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम महाराष्ट्रात २०१८ च्या अखेरीस झाली, आणि आता नऊ महिने पूर्ण झाल्यावर व दीड वर्षाच्या सुमारास ही लस नियमित देतात. ती गर्भारपणी देत नाहीत, म्हणून मुलींना आधीच मिळालेली असावी. दारूमुळे गर्भातील मेंदूची हानी होते. तंबाखू व मिश्रीने बाळ कमी वजनाचे होते. आणखी एक गोष्ट आमच्या खात्यातली. गर्भार बाईने औषधफवारणीस जाऊ नये, फवारणीचे कपडे धुऊ नयेत, आणि औषधाचे डबे घरात ठेवू नयेत. काही कीटकनाशकांचा गर्भातील मेंदूवर परिणाम होतो, असे अभ्यासांत दिसून आले आहे.

जन्मवेळची व जन्मानंतरची

बाळ जन्मल्याबरोबर रडले नाही म्हणजे श्वास लागला नाही. मेंदूस प्राणवायू मिळण्यास जितका उशीर, तितकी हानी अधिक. अडलेले बाळंतपण घरी रेटू नये ते याचसाठी. दवाखान्यात पहिल्या मिनिटातच बाळास श्वास देण्याची सोय असते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या व वजनाने फार कमी असलेल्या बाळांना धोका जास्त. त्यांना छातीशी धरून ऊब द्यावी, दूध वेळेवर पाजावे व तपासणी चुकवू नये.

येथे ऊसतोड मजुरांविषयी बोलले पाहिजे. आपल्या फडात आठव्या-नवव्या महिन्याची बाई डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरते, हे आम्ही पाहिले आहे व आपणही पाहिले आहे. तिचे बाळंतपण कोपीत होते. तिचे मूल मागे राहिले तर त्या हंगामाची ती बाकी कोणाच्या खात्यावर टाकायची? फड आपला आहे. अशी बाई दिसली तर आशाताईस कळवावे, मुकादमास बजावून तिला मोळी उचलू देऊ नये, वेळ आली की १०८ ला फोन करावा. गाडी एक दिवस उशिरा भरली तर आमचे खाते सांभाळून घेईल.

जन्मानंतरच्या कारणांत पहिली कावीळ. नवजात बाळास थोडी कावीळ पुष्कळदा होते व जाते. पण पहिल्या चोवीस तासांत अंग पिवळे झाले, किंवा पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरला, तर तो मेंदूस व कानांस घातक ठरू शकतो. अशा वेळी कावीळ उतरवणाऱ्याकडे जाऊ नये, पिवळे दुपटे गुंडाळून थांबू नये, कोवळ्या उन्हाच्या भरवशावरही राहू नये. दवाखान्यात निळ्या दिव्याखाली ठेवून ही कावीळ उतरवतात.

मग येतात मेंदूज्वर, गोवराच्या गुंतागुंती, डोक्यास मार, लहानपणीचे कुपोषण व रक्तातील लोहाची कमतरता. मुलास झटका आला तर कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका आणि दवाखान्यात न्या. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर, बैलगाडीच्या जुवापाशी पोरे बसवू नका. डोक्याला लागलेल्या माराचे मोल नंतर जन्मभर चुकवावे लागते.

हे सगळे तपासूनही पुष्कळ मुलांत कारण सापडत नाही. तेव्हा आईबापांनी स्वतःस दोष देत बसू नये. मागच्या जन्मीचे पाप, दृष्ट, करणी यांपैकी कशाचाही यात संबंध नाही. सुनेस बोल लावणाऱ्यांनी तर विशेष ध्यानात घ्यावे, की जनुके निम्मी बापाकडूनही येतात.

टीपकागदावरचा थेंब

आता आमच्या आजीच्या प्रश्नाकडे येऊ. नॉर्वेत १९३४ साली एक आई आपल्या दोन मागे पडलेल्या मुलांना घेऊन डॉक्टरामागून डॉक्टर हिंडत होती. मुलांच्या लघवीस विचित्र वास येतो, एवढेच तिचे म्हणणे. डॉ. फॉलिंग यांनी ते मनावर घेऊन लघवी तपासली आणि अन्नातील एक घटक मुलांच्या शरीरात पचत नाही, तो साठून मेंदूस अपाय करतो, हे शोधून काढले. त्या मुलांना उशीर झाला होता. पण पुढे अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी टीपकागदावर टाचेच्या रक्ताचा एक थेंब घेऊन हा दोष जन्मतःच ओळखण्याची रीत काढली. गथ्री यांचा स्वतःचा मुलगा बौद्धिक अक्षम होता. १९७० च्या दशकात कॅनडातील क्यूबेक प्रांतात अशाच थेंबातून थायरॉइडचा दोष ओळखू लागले.

थायरॉइडचा हा जन्मजात दोष जगात साधारण दोन ते तीन हजार बाळांत एकास असतो. आपल्या देशात प्रमाण त्याहून जास्त आढळले आहे. आपल्याकडे सगळ्याच दवाखान्यांत ही तपासणी आपोआप होत नाही, म्हणून बाळंतपणानंतर घरी निघण्यापूर्वी आपण होऊन विचारावे, "बाळाची थायरॉइड तपासणी झाली का?" दुसऱ्या दिवसानंतर, साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी रक्त घेतात. दोष निघाला तर रोज एक स्वस्त गोळी, आणि पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली तर बहुतेक मुलांची बुद्धी नीट वाढते.

नांग्या भरण्याचे आम्ही दरवर्षी सांगतो. उगवणीनंतर लगेच भरलेले रोप ओळीत मिसळून जाते. दोन महिन्यांनी भरलेले रोप शेजारच्या उसाच्या सावलीत दबते, मग कितीही खत घाला. येथेही औषध तेच, फरक वेळेचा. आजी, आपले चुकले म्हणावे असे काही नाही, कारण आपणांस कोणी सांगितलेच नव्हते. आता मात्र सांगून झाले आहे.

घरी काय पाहावे?

मूल तीन महिन्यांपर्यंत आपल्याकडे पाहून हसावे, पाच महिन्यांपर्यंत मान धरावी, नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसावे, दीड वर्षापर्यंत चालावे व काही शब्द बोलावे, दोन वर्षांपर्यंत 'पाणी दे', 'बाबा आले' असे दोन शब्द जोडावे. थोडे मागेपुढे होते. पण यांपैकी एखादी गोष्ट फार लांबली, किंवा येत असलेली गोष्ट गेली, तर 'होईल हळूहळू' म्हणून थांबू नका. अंगणवाडीताई किंवा आशाताईंस सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून डॉक्टरांची पथके अंगणवाडी व शाळांत मुले तपासतात आणि पुढील उपचारास जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात.

बुद्धी वाढवणारी टॉनिके, डागण्या, गंडे यांवर पैसा घालवू नका. डागण्याने मुलास वेदना होतात, बुद्धी येत नाही. आणि 'लग्न केलं की सुधारेल' हा सल्ला तर सर्वांत वाईट. लग्न हे औषध नाही. त्यात दुसऱ्याच्या लेकराचेही आयुष्य अडकते.

शिकवण्याची रीत

ही मुले शिकतात, फक्त काम लहान तुकड्यांत आणि पुन:पुन्हा दाखवावे लागते. सदरा घालायचा तर आधी सगळे आपण करावे, शेवटचे बटण तेवढे त्याला लावू द्यावे. ते जमले की शेवटची दोन. असे मागून पुढे येत जावे. जमले की लगेच शाबासकी द्यावी. रागावल्याने शिकलेलेही विसरते. आमच्या एका गटातील सभासदाचा पंचविशीतला मुलगा आकडे वीसपर्यंतच मोजतो. पण रोज पहाटे म्हशींना वैरण घालून, दुधाची किटली डेअरीवर पोहोचवून पावती घरी आणतो. गेल्या लागणीला तो दोन डोळ्यांची टिपरी औषधाच्या द्रावणात बुडवण्याच्या कामावर होता; सांगितला तेवढा वेळ झाल्याखेरीज त्याने एकही टिपरी बाहेर काढली नाही. हे काम इतक्या इमानाने करणारे मजूर आम्ही फार थोडे पाहिले आहेत.

शाळेचा मार्गही मोकळा आहे. मुंबईतील जय वकील शाळा १९४४ पासून अशा मुलांना शिकवीत आली आहे. सिकंदराबाद येथे १९८४ मध्ये यासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. २०१६ च्या कायद्याने ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलास ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व ओळखपत्र काढून घ्यावे.

आपण जमीनधारक आहोत, म्हणून शेवटी एक गोष्ट. बौद्धिक अक्षमतेमुळे कोणाचा वारसाहक्क जात नाही. वारसनोंदीच्या वेळी 'त्याला काय कळतंय' म्हणून भावाचे वा बहिणीचे नाव गाळणे हा अन्याय आहे आणि कायद्यातही टिकणारा नाही. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर त्याच्या वतीने सही करण्याचा अधिकार आईबापांस आपोआप राहत नाही. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, ती पालक नेमते. आपण हयात असतानाच हे करून ठेवावे. 'आमच्या मागं याचं काय?' हा प्रश्न ज्या आईला रात्री झोपू देत नाही, तिला एवढ्याने थोडी तरी झोप लागेल.

पुन्हा त्या वस्तीवर

ती मुलगी आता चार वर्षांची आहे. अंगणवाडीत जाते, रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेते, आणि आम्ही गेलो की मोटारसायकलच्या आरशात तोंड पाहते. शब्द थोडे आहेत, पण वाढत आहेत. किती वाढतील ते डॉक्टरही आज सांगत नाहीत. आपण उसाचे वजन काट्यावर करतो, टनाला भाव ठरवतो; पोराचे तसे करता येत नाही. त्याची कालची ओळ आणि आजची ओळ एवढेच पाहायचे.

गेल्या श्रावणात त्या घरी दुसरी मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी टाचेतून रक्त घेतले. तपासणी नीट आली. आम्ही गेलो तेव्हा झोळीतून असा टाहो फुटला, की आमचे बोलणेच ऐकू येईना. आजी म्हणाली, "ही बघा साहेब, रातभर झोपू देत न्हाई." आणि समाधानाने झोळीला झोका दिला.

सभासद बंधू-भगिनींनो, आपल्या घरी, भावकीत, किंवा फडावरच्या टोळीत असे मूल असेल तर लपवू नका. गट कार्यालयात येऊन आम्हांस किंवा आमच्या फिल्डमनला सांगा. कोठे जायचे, कोणास भेटायचे, एवढे आम्ही नक्की सांगू. लागणीची तारीख आपण वहीत लिहून ठेवता. घरात बाळ जन्मले की तिसऱ्या दिवसाची तपासणीही त्याच वहीत लिहून ठेवा.

कळावे,
आपला,
ऊस विकास अधिकारी